निव्वळ धावगती : एका आकड्याचे वाचन

उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम ज्या दिवसांत चालू असते, नेमक्या त्याच दिवसांत वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर एक जोडशब्द ठाण मांडून बसतो : ‘निव्वळ धावगती’. आयपीएलचे साखळी सामने संपत आलेले असतात, दोन-तीन संघांचे गुण समसमान झालेले असतात आणि अखेरीस त्यांपैकी कोणाला तरी ‘निव्वळ धावगतीच्या आधारे’ घरी जावे लागते. या शब्दप्रयोगातला ‘निव्वळ’ आम्हांला फार दिवसांपासून खुणावतो आहे. मराठीत तो दोन वेगळी कामे करतो. चाटी गल्लीतल्या कापडव्यापाऱ्याच्या वहीत तो वजाबाकीनंतरची बाकी दाखवतो : निव्वळ नफा, निव्वळ वजन. बोलण्यात मात्र तो ‘नुसता’, ‘केवळ’ या अर्थाने येतो : निव्वळ योगायोग, निव्वळ थापा. क्रीडापत्रकारांनी शब्द योजला तो पहिल्या अर्थाने. हरलेल्या संघाचा चाहता तो दुसऱ्या अर्थाने वाचतो. ‘निव्वळ धावगतीमुळे बाहेर’ या मथळ्यात हिशेब आहे आणि हळहळही आहे, आणि दोन्ही एकाच शब्दाने साधले आहे. इंग्रजीतल्या मूळ संज्ञेला ही सोय नाही.

साहित्यविषयक लेखांच्या या जागी क्रिकेटचे गणित कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही मराठी शिकवतो, गणित नव्हे, हे खरेच. परंतु वर्षातले कितीतरी दिवस आम्ही दुसऱ्यांच्या लेखनाला आकडे देण्यात घालवतो आणि उरलेल्या दिवसांत दुसरे कोणीतरी आम्हांला आकडे देत असते. तेव्हा आकडा कसा घडतो, तो काय पाहतो आणि कशाकडे पाठ फिरवतो, हा प्रश्न आमच्या व्यवसायाबाहेरचा मानता येत नाही.

आधी हिशेब नीट मांडू, कारण क्रिकेटवर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांचा तो कच्चा असतो. स्पर्धेतल्या सर्व सामन्यांत मिळून संघाने ज्या धावा केल्या, त्यांना त्यासाठी खेळलेल्या एकूण षटकांनी भागायचे. मग प्रतिस्पर्ध्यांना ज्या धावा दिल्या, त्यांना आपण टाकलेल्या एकूण षटकांनी भागायचे. पहिल्या भागाकारातून दुसरा वजा केला की उरते ती निव्वळ धावगती. प्रत्येक सामन्याची गती वेगळी काढून तिची सरासरी घ्यायची नसते. बेरजा आधी, भागाकार शेवटी. यात एक खोच आहे. शंभर चेंडूंत जिंकलेला सामना भाजकात शंभर चेंडूंइतकीच जागा घेतो आणि तीनशे चेंडू रेंगाळलेला डाव त्याच्या तिप्पट. झटपट मिळवलेल्या विजयाचे वजन एकूण बेरजेत त्यामुळे थोडे कमीच भरते.

धावफलकावरचा ‘४२.२ षटके’ हा आकडा दिसायला दशांश अपूर्णांकासारखा असला, तरी त्यातला बिंदू दशांशचिन्ह नसून एक विरामचिन्ह आहे. बेचाळीस षटके, मग थोडे थांबून दोन चेंडू. षटक सहा चेंडूंचे, म्हणून भागाकार करताना हा आकडा ४२.३३ असा घ्यावा लागतो. ‘षटक’ हा मराठी शब्द मूळ ‘ओव्हर’पेक्षा अधिक नेमका आहे असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे, सहांचा समूह हे त्याने नावातच कबूल केले आहे. (ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंची ओव्हर टाकली जाई. तिलाही षटक म्हणायचे तर व्याकरणाने डोळे मिटून घ्यायला हवेत.)

नियमातली दोन कलमे विशेष लक्ष देण्याजोगी आहेत. पहिले असे की संघ सर्वबाद झाला, तर तो प्रत्यक्षात जितकी षटके खेळला तितकी न धरता त्याच्या वाट्याची पूर्ण षटके धरतात. पन्नास षटकांच्या सामन्यात तिसाव्या षटकाअखेर दीडशे धावांत सर्वबाद झालेल्या संघाची गती प्रतिषटक पाच नव्हे, तीन. असे नसते तर आततायीपणे बॅट फिरवून लवकर बाद होणे हाही एक फायद्याचा सौदा ठरला असता. दुसरे कलम असे की निकाल न लागता रद्द झालेला सामना हिशेबात येतच नाही. त्यातल्या धावा नाहीत आणि षटकेही नाहीत. ही दोन्ही कलमे वाचकांनी ध्यानात ठेवावीत. पुढे त्यांच्याकडे परत यायचे आहे.

विश्वचषकात निव्वळ धावगती आली ती १९९२ साली. त्याआधी गुणांची बरोबरी फोडण्यासाठी नुसती धावगती पाहत : केलेल्या धावा भागिले खेळलेली षटके. आपण किती धावा दिल्या, हा प्रश्नच त्यात नव्हता. या जुन्या नियमाने महाराष्ट्राच्या भूमीवर घडवलेला एक सामना आहे आणि त्याचे वाचन करण्यासाठीच खरे तर हा लेखप्रपंच आहे. दिवस ३१ ऑक्टोबर १९८७, स्थळ नागपूर.

त्या विश्वचषकात भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि झिम्बाब्वे एका गटात होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन वेळा खेळायचे, विजयाला चार गुण. ऑस्ट्रेलियाचे सहाही सामने आदल्या दिवशी कटकला संपले होते. पाच विजय, वीस गुण. भारताचे पाच सामन्यांतून सोळा गुण होते आणि न्यूझीलंडविरुद्धचा शेवटचा सामना उरला होता. तो जिंकला की वीस-वीस अशी बरोबरी. मग धावगती पाहायची. गटात पहिला येणारा संघ उपांत्य सामना मुंबईत वानखेडेवर खेळणार होता आणि दुसऱ्याला पाकिस्तानशी खेळायला लाहोर गाठावे लागणार होते. तेव्हा पणाला काय लागले होते, हे वेगळे सांगायला नको.

आकडे असे होते. ऑस्ट्रेलियाच्या धावा १४५४, षटके २८० (इंदूरचा सामना पावसामुळे तीस-तीस षटकांचा झाला होता), गती ५.१९३. भारताच्या पाच सामन्यांतल्या धावा ११४०, षटके २१९ आणि वर पाच चेंडू, गती ५.१८६. तीन आठवडे खेळून दोन संघांत उरलेले अंतर म्हणजे एका धावेचे सात सहस्रांश. न्यूझीलंडने नागपुरात ९ बाद २२१ धावा केल्या. म्हणजे जिंकायला २२२ हव्या होत्या, पण नुसते जिंकून भागणार नव्हते. ऑस्ट्रेलियाला मागे टाकायचे तर त्या ४२ षटके आणि दोन चेंडूंच्या आत हव्या होत्या. वाचकांपैकी कोणाला वहीपेन्सिल घेऊन पडताळा पाहायचा असेल तर १३६२ला ५.१९३ने भागावे आणि भागाकारातून आधीची २१९.८३ षटके वजा करावीत.

पुढे जे झाले ते क्रिकेटरसिकांना तोंडपाठ आहे. श्रीकांतने ७५ धावा कुटल्या, अझरुद्दीन ४१ धावांवर नाबाद राहिला आणि सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. अंगात ताप असताना ते खेळले असे सांगतात. भारताने एका गड्याच्या मोबदल्यात २२४ धावा केल्या त्या ३२ षटके आणि एका चेंडूत. मुदतीच्या दहा षटके आधी. एकूण षटकांची बेरीज नेमकी २५२ भरली, एक चेंडू इकडे ना तिकडे, आणि धावगती झाली ५.४१. गावसकर १०८ एकदिवसीय सामने खेळले. त्यांतले हे त्यांचे एकमेव शतक, आणि तेही शेवटून दुसऱ्या सामन्यात.

या डावाशेजारी नेहमी दुसरा एक डाव ठेवला जातो. ७ जून १९७५, लॉर्ड्‌स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडच्या ४ बाद ३३४ धावांना उत्तर देताना हेच गावसकर साठ षटके टिकून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. भारताच्या धावा झाल्या ३ बाद १३२. या डावाची आजवर जी स्पष्टीकरणे दिली गेली, ती एखाद्या दुर्बोध कवितेवरच्या टीकेसारखी आहेत. प्रत्येक टीकाकाराला आपलाच अर्थ सापडतो. दोन डावांतला फरक सांगताना सामान्यतः गावसकर बदलले, काळ बदलला, एकदिवसीय क्रिकेटची समज वाढली अशी कारणे दिली जातात. ती खोटी नाहीत. पण नागपूरच्या डावाला आणखी एक कारण आहे आणि ते खेळाडूच्या मनात किंवा मनगटात सापडत नाही. ते नियमपुस्तकात आहे.

नागपूरच्या वेळी नुसत्या धावगतीऐवजी निव्वळ धावगती लागू असती तर काय झाले असते, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. नागपूरपूर्वी भारताने पाच सामन्यांत २५० षटकांत १०६५ धावा दिल्या होत्या. ऑस्ट्रेलियाने सहा सामन्यांत २८० षटकांत १३२३. वजाबाकी केली की भारताची निव्वळ धावगती अधिक ०.९३ येते आणि ऑस्ट्रेलियाची अधिक ०.४७. भारत सात सहस्रांशांनी मागे नसून जवळजवळ अर्ध्या धावेने पुढे! मुंबईत झिम्बाब्वेला १३५ धावांत गुंडाळणारे, दिल्लीत ऑस्ट्रेलियाला २३३ धावांवर रोखणारे गोलंदाज जुन्या सूत्रात दिसतच नव्हते; वजाबाकी येताच ते उजेडात येतात. नागपुरात न्यूझीलंडच्या २२१ धावा झाल्यावर भारताने अगदी पन्नासाव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर विजयी धाव घेतली असती, तरी निव्वळ धावगती अधिक ०.७६ राहून पहिला क्रमांक भारताकडेच आला असता.

म्हणजे पाच वर्षांनी आलेला नियम तेव्हाच असता, तर त्या दुपारी घाई करण्याचे कोणतेही कारण गावसकरांपुढे नव्हते. ते शांतपणे, आपल्या नेहमीच्या चालीने खेळले असते, कदाचित शतकही झाले असते. पण ज्याची आठवण आजही निघते ते शतक झाले नसते. एका अपुऱ्या, एकांगी, गोलंदाजांवर अन्याय करणाऱ्या सूत्राने मराठी माणसाच्या क्रिकेटस्मृतीतला एक अतिशय देखणा डाव लिहवून घेतला आहे.

आम्ही ‘लिहवून घेतला’ असे जाणूनबुजून म्हणत आहोत. साहित्यकृतीची चर्चा करताना आपण लेखकाचा हेतू पाहतो, त्याची परिस्थिती पाहतो, परंपरा पाहतो. ज्या निकषावर कृती मोजली जाणार आहे तो निकष आधीच कृतीच्या आत शिरून बसलेला असतो, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. एकांकिका स्पर्धांच्या वेळमर्यादेने मराठी एकांकिकेच्या रचनेचे काय केले, दिवाळी अंकांच्या पानांनी दीर्घकथेची लांबी कशी ठरवली, पाठ्यपुस्तकात जाण्याच्या शक्यतेने कवितेतले कोणते शब्द गाळले गेले, या प्रश्नांवर आमच्याकडे सुटी विधाने पुष्कळ आहेत. सलग अभ्यास फारसा नाही. एम.ए.च्या वर्गात समीक्षा शिकवताना आम्हांला नागपूरचा धावफलक फळ्यावर लिहावासा वाटतो तो यासाठी.

त्याच सामन्यात आणखी एक गोष्ट घडली होती. चेतन शर्माने रूदरफर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. नुसत्या धावगतीत तिची किंमत शून्य. निव्वळ धावगतीतही तिने ज्या थोड्याफार धावा वाचवल्या तेवढ्यापुरतीच. न्यूझीलंडचे नऊ गडी बाद झाले आणि भारताचा एक. त्या दिवसाचे चित्र डोळ्यांपुढे उभे करणारा हा सर्वांत बोलका फरक कोणत्याच सूत्रात बसत नाही. सर्व गडी बाद झाले तरच सूत्राला जाग येते. नऊ बाद आणि एकही बाद नाही या दोन अवस्था त्याच्या लेखी सारख्याच. ही निव्वळ धावगतीची मोठी विस्मृती आहे आणि तिच्यावर क्रिकेटमधल्या जाणकारांनी आजवर पुष्कळ टीका केली आहे, ती रास्तच आहे.

त्या पहिल्या क्रमांकाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगायला हवे. ५ नोव्हेंबरला वानखेडेवर ग्रॅहम गूचने ११५ धावा केल्या आणि भारत ३५ धावांनी हरला. गावसकर चार धावांवर बाद झाले. तो त्यांचा शेवटचा एकदिवसीय सामना. दुसऱ्या क्रमांकाचा ऑस्ट्रेलिया लाहोरला जाऊन जिंकला आणि ८ नोव्हेंबरला कोलकात्यात त्याने विश्वचषक उचलला. आणि मुळात ही बरोबरी झाली कशी? ९ ऑक्टोबरला चेन्नईत ऑस्ट्रेलियाकडून भारत एका धावेने हरला होता. त्या सामन्यात डीन जोन्सचा एक फटका आधी चौकार धरला गेला होता. दोन डावांमधल्या विश्रांतीत, कपिलदेवच्या संमतीने, त्याचा षटकार झाला आणि ऑस्ट्रेलियाच्या २६८ धावा २७० झाल्या. भारत सर्वबाद २६९. ‘निव्वळ’चा दुसरा अर्थ इथे आपोआप जिभेवर येतो.

निकष ठाऊक असला की माणसे त्याच्याशी खेळू लागतात, हेही क्रिकेटमध्ये उघड्यावर घडलेले आहे. २४ मे १९७९ रोजी वूस्टर येथे सॉमरसेट या इंग्लिश परगण्याचा कर्णधार ब्रायन रोझ याने एका षटकात एक धाव झाल्याबरोबर आपला डाव घोषित केला. सामना हरला तरी चालेल, बरोबरी फोडणारा आपला आकडा शाबूत राहिला पाहिजे, हा त्यामागचा विचार. नियमात ते बसत होते. सॉमरसेटला तरीही स्पर्धेतून काढून टाकण्यात आले. ३० मे १९९९ रोजी मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाने वेस्ट इंडिजविरुद्ध १११ धावा करायला ४० षटके आणि चार चेंडू घेतले, कारण वेस्ट इंडिजची निव्वळ धावगती फार घसरू नये आणि न्यूझीलंडऐवजी तोच संघ पुढे यावा, यात ऑस्ट्रेलियाचे हित होते. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्याच दिवशी न्यूझीलंडने स्कॉटलंडला झटपट हरवून हा बेत मोडून काढला.

अलीकडची उदाहरणे वाचकांच्या डोळ्यांसमोरची आहेत. २०१९च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे अकरा-अकरा गुण झाले, विजयही पाच-पाच. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवले होते, पण निव्वळ धावगती न्यूझीलंडची अधिक ०.१७५ आणि पाकिस्तानची उणे ०.४३०. पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडिजने पाकिस्तानला १०५ धावांत बाद करून चौदाव्या षटकात सामना संपवला होता. त्या एका दिवसाचे ओझे पाकिस्तानला शेवटपर्यंत उतरवता आले नाही. १८ मे २०२४ला बेंगळुरूत चेन्नईपुढे एकाच वेळी दोन लक्ष्ये होती : जिंकण्यासाठी २१९ आणि हरूनही पुढे जाण्यासाठी २०१. शेवटच्या षटकात सगळे मैदान दुसऱ्या आकड्याकडे पाहत होते. चेन्नईच्या १९१ झाल्या.

प्रतिस्पर्धी कोण होता, हेही हा आकडा विचारत नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेने २०२२ साली महिलांच्या राष्ट्रीय टी-ट्वेंटी स्पर्धेत नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशविरुद्ध नाबाद १६२ धावा केल्या. त्या खेळीचे आम्हांला अतोनात कौतुक आहे. परंतु अशा एका सामन्याने संघाच्या निव्वळ धावगतीत जी भर पडते, तीच भर बलाढ्य संघाविरुद्ध घालायची तर किती घाम गाळावा लागेल, याची नोंद सूत्रात कुठेच होत नाही.

इतके दोष सांगूनही आमचे मत निव्वळ धावगतीच्या बाजूने आहे. बरोबरी झाल्यास आपापसांतल्या सामन्याचा निकाल पाहावा, अशी मागणी वारंवार होते. तीन संघांनी एकमेकांना आळीपाळीने हरवले की ती मागणी तिथेच अडते. निव्वळ धावगतीत आम्हांला तीन गुण दिसतात. ती स्पर्धेआधी सर्वांना ठाऊक असते. ती आपली जागा ओळखते : आधी विजय, मग गुण, आणि त्यांनी काम भागले नाही तरच ती पुढे येते, सामना कोणी जिंकला हे ती कधी ठरवत नाही. आणि ती वजाबाकी करते. या तीन गुणांच्या उजेडात आम्ही आमच्याच क्षेत्रातल्या आकड्यांकडे पाहिले, तेव्हा ते आकडे अजून १९८७ सालातच असल्याचे दिसले.

महाविद्यालयाच्या निकालाची टक्केवारी घ्या. उत्तीर्ण विद्यार्थी भागिले परीक्षेला बसलेले विद्यार्थी. ही नुसती धावगती झाली. सोलापूर हे गिरण्यांचे, यंत्रमागांचे आणि विड्यांचे शहर. इथल्या पूर्व भागातून येणाऱ्या आमच्या अनेक विद्यार्थिनींच्या घरची भाषा तेलुगू आहे, अक्कलकोटकडून येणाऱ्या कित्येकांची कन्नड आहे, काहींची उर्दू आहे. त्यांतल्या कोणाची आई विड्या वळते आणि हजार विड्यांच्या दराने मजुरी घेते. ‘रेट’ हा शब्द त्या घरात क्रिकेट येण्याच्या कितीतरी आधी पोचलेला असतो. अशी मुलगी मराठीच्या बी.ए.ला बसून पंचावन्न टक्के मिळवते. दुसरीकडे, घरात मराठी पुस्तकांचे कपाट असलेली मुलगी पासष्ट टक्के मिळवते. टक्केवारी पंचावन्न आणि पासष्ट पाहते. कोण कोठून निघाले, हे वजा करण्याची तिला सवय नाही. तीन वर्षांत अध्यापकाने काय शिकवले आणि विद्यार्थी काय शिकला, हे कळायचे तर शेवटच्या आकड्यातून पहिला आकडा वजा करावा लागेल. बारावीचे गुण आमच्या दप्तरात असतात. ते प्रवेशाच्या दिवशी पाहिले जातात आणि नंतर त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही.

भाजकाची गोष्ट याहून गंभीर आहे. टक्केवारीचा भाजक असतो परीक्षेला ‘बसलेल्या’ विद्यार्थ्यांचा. पहिल्या वर्षाला नाव नोंदवलेले, पण तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपर्यंत न पोचलेले विद्यार्थी त्यात नसतात. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर संघ तिसाव्या षटकात सर्वबाद झाला आणि आपण तीस षटकांनीच भागून गती छान असल्याचे जाहीर केले. कच्च्या विद्यार्थ्याने यंदा फॉर्म न भरलेलाच बरा, असा सल्ला कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात दरवर्षी दिला जातो हे शिक्षणक्षेत्रात सर्वांना माहीत आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. हा सल्ला म्हणजे ब्रायन रोझने घोषित केलेला डाव आहे. फरक इतकाच की सॉमरसेटला स्पर्धेबाहेर काढले गेले आणि इथे शंभर टक्के निकालाचे फलक प्रवेशद्वारावर लागतात. सर्वबाद झाल्यास पूर्ण षटके धरावीत, हा नियम करणाऱ्यांना एक साधी गोष्ट कळली होती : अपयशामुळे भाजक लहान होता कामा नये.

अध्यापकांच्या मोजमापाबद्दलही असेच पुष्कळ लिहिता येईल. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीतून आलेल्या एपीआय गुणांनी निबंध, चर्चासत्रे आणि प्रमाणपत्रे यांची जी शर्यत लावून दिली, ती आमच्या पिढीने अंगावर घेतली आहे; २०१८च्या नियमावलीने तिचे स्वरूप बदलले. पण अध्यापकांची तक्रार अध्यापक करतातच. विद्यार्थ्यांच्या भाजकाची तक्रार करणारे कोणी नसते, म्हणून ती इथे नोंदवत आहोत.

आमची सूचना लहानशी आहे. विभागाच्या वार्षिक निकालपत्रकात दोन रकाने वाढवावेत. एकात पहिल्या वर्षी नाव नोंदवलेल्या सर्व विद्यार्थ्यांच्या भाजकावर काढलेली टक्केवारी असावी आणि दुसऱ्यात प्रत्येकाच्या बारावीच्या व पदवीच्या गुणांतले अंतर. दोन निरनिराळ्या परीक्षांचे गुण एका मापाचे नसतात हा आक्षेप खरा आहे. दोन निरनिराळ्या खेळपट्ट्यांवरच्या धावाही नसतात. जुनी टक्केवारी राहू द्यावी, तिला कोणी हात लावत नाही. हे रकाने विद्यापीठाने मागितलेले नाहीत, ते भरण्याला वेळ लागेल, आणि पहिल्या वर्षी ते पाहून आनंद होण्याची शक्यता कमी आहे.

हे रकाने आखताना आमच्यात एक मतभेद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. दुसऱ्या वर्षात असताना एखाद्या मुलीचे लग्न होते आणि ती येईनाशी होते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की तिला सर्वबादच्या कलमाखाली धरावे, म्हणजे तिच्या वाट्याची पूर्ण षटके भाजकात यावीत. तिला वर्गात राखून ठेवता आले नाही, ही विभागाच्या खात्यावरची नोंद आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की सामना तिने सोडलेला नाही, तो बाहेरच्या कारणाने रद्द झाला, आणि रद्द सामना हिशेबात येत नाही. पण तसे केले तर ती पत्रकातून संपूर्णच नाहीशी होते, हेही तोच म्हणतो. तूर्त तिचे नाव आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.